नीट ऐकून दिलेला नकार

"साहेबांना जांभई आली होती का?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"फोन वाजला? मध्येच कुणी आत आलं? चहा तरी आला असेल?"

"चहा आला होता. पण तो त्यांनी माझ्या भावाला दिला."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि कपाळ चोळलं. त्यांच्या ऑफिसात एकच खिडकी होती आणि ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. त्यामुळे विचार करताना कुठे बघायचं, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा. आज त्या अशिलाकडेच बघत बसल्या.

"डोळे मिटले होते? क्षणभर तरी?"

"हो, मिटले होते."

पेन लगेच उचललं गेलं. "कधी?"

"मी लिफ्टच्या टपावरची गोष्ट सांगत होतो तेव्हा. पण झोपले नव्हते हो. ती गोष्ट ऐकताना तुम्हीही मिटले होते."

पेन परत खाली.

"आणि एका कानाने त्यांना कमी ऐकू येत होतं," लिफ्टवाल्याला आठवलं.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" वकीलबाई खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. "निम्मी केस आहे ही! ज्याला ऐकूच आलं नाही त्याने ऐकलं कसं म्हणायचं?"

"म्हणून तर ते उठले, खुर्ची ओढत माझ्या दुसऱ्या बाजूला आले आणि चांगला कान माझ्याकडे करून बसले."

वकीलबाई पुन्हा बसल्या. वकिलीच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. त्या परीक्षेत, वाईट न्यायाधीश शोधून काढा असा प्रश्न नव्हता.

प्रकरण असं होतं.

लिफ्टवाला लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या पाठची बहीण मोठ्या हॉस्पिटलात अपघात विभागात नर्स होती. दोघांच्या पाठचा भाऊ वयाने चांगला बाप्या होता, केसही पिकायला लागले होते, पण समज मात्र पोराची राहिली होती. त्याला सगळे कंडक्टर म्हणायचे. कारण कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की तो हात हलवत म्हणायचा, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे." लिफ्टमध्ये एकटाच असला तरी म्हणायचा आणि मग स्वतःच पुढे सरकायचा.

आईवडील गेल्यापासून कंडक्टर दादाकडे होता. दादाला लग्न करायला वेळ झाला नव्हता. हे त्याचं म्हणणं. बहिणीचं म्हणणं, कुणी विचारलं नव्हतं. कामाला जाताना दादा त्याला बरोबर न्यायचा. हा मशीनच्या खोलीत ग्रीस भरायचा, तो बॅटरी धरून उभा राहायचा. बॅटरीचा झोत कधी मशीनवर पडायचा, कधी छतावर, कधी दादाच्या डोळ्यात. पण हात मात्र कधी दुखला नाही त्याचा.

मग एके दिवशी दादा वरच्या मजल्यावर दाराचा रूळ बदलत होता. खाली पहिल्या मजल्यावर कंडक्टरने दादाच्या पिशवीतली किल्ली घेतली, दादा उघडतो तसंच दार उघडलं आणि लिफ्टच्या टपावर जाऊन बसला. तळमजल्यावर लिफ्टमध्ये कुणीतरी बाई येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यात वरचं बटण दाबलं. लिफ्ट वर निघाली. टपावर बसून कंडक्टर शेवटच्या मजल्यापर्यंत आला.

लिफ्ट सगळ्यात वर थांबते तेव्हा तिचा टप आणि वरचं छत यांच्यात थोडी जागा सोडावी लागते, असा नियम आहे. किती? तर कामावरचा माणूस चुकून टपावर अडकला तर गुडघे पोटाशी घेऊन बसता येईल इतकी. कंडक्टर बसला होता. खाली उतरवल्यावर तो फार खुशीत होता, आणि परत जायचं म्हणत होता.

वॉचमनने ही हकिगत बहिणीला सांगितली. वॉचमनला वाटलं, गंमत सांगतोय. ती त्याच आठवड्यात कोर्टात गेली.

पहिल्या कोर्टात तिने एकच प्रश्न विचारला होता. वकिलामार्फत नाही, स्वतः उभी राहून. "दादा, तो बसला होता म्हणून. आणि उभा असता तर?"

लिफ्टवाल्याला उत्तर माहीत होतं. ते त्याच्याइतकं चांगलं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तो गप्प बसला.

कोर्टाने बहिणीला कंडक्टरचं पालक नेमलं. त्याने कुठे राहायचं ते ती ठरवेल, असं लिहिलं. तिने ठरवलंच होतं. गावाबाहेर एक संस्था होती. बाग होती, डॉक्टर होते, एकमजली होती. वरची कोर्टं काय म्हणतात ते कळेपर्यंत त्याला दादाकडेच राहू द्यावं, इतकं मात्र बहिणीने मान्य केलं.

आता या निकालावर मधल्या कोर्टात अपील करता येत होतं. पण करता येत होतं म्हणजे लगेच नाही. अपील करायला परवानगी लागायची. परवानगी मागायला अर्ज लागायचा. अर्ज करायला मात्र कुणाची परवानगी लागत नव्हती, ही त्यातल्या त्यात कायद्याची कृपा.

आणि हा परवानगीचा अर्ज ऐकायची मधल्या कोर्टाची रीत निराळीच होती. भरल्या कोर्टात नाही. साहेबांच्या खोलीत, दार लावून. समोर फक्त अर्जदार. दुसऱ्या बाजूला बोलवायचं नाही, टाइप करणारा नाही, शिपाई बाहेर. आणि ऐकून झाल्यावर निकाल एका ओळीचा. एक तर 'परवानगी दिली' किंवा 'परवानगी नाकारली'. कारण लिहायचं नाही. कारण लिहिलं की लोक त्या कारणाला धरून लोंबकळतात, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता म्हणे. बिनकाठाच्या भांड्यासारखा निकाल. धरायला जागाच नाही.

त्या दिवशी लिफ्टवाल्याचे तेव्हाचे वकील तापाने फणफणले होते. तो एकटाच गेला. म्हणजे कंडक्टरला घेऊन गेला, कारण त्याला कुठे ठेवणार? आणि साहेबांनी एका ओळीत लिहिलं: परवानगी नाकारली. त्यानंतर लवकरच साहेब निवृत्त झाले. तापातून उठलेल्या वकिलांनीही हात टेकले. केस या वकीलबाईंकडे आली.

"आता वरचं कोर्ट," लिफ्टवाला पहिल्या भेटीत म्हणाला होता. मजले त्याला समजत होते.

"तसं जाता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "परवानगी नाकारली की संपलं. नकारावर अपील नाही."

"का नाही?"

"कारण मग थांबायचं कुठे? परवानगी नाकारली म्हणून अपील. त्या अपिलाला परत परवानगी. ती नाकारली म्हणून त्यावर अपील. माणूस मरेपर्यंत चालेल."

"मेल्यावर?"

"वारस चालवतील."

लिफ्टवाल्याला वारस नव्हता. त्याने मान डोलावली.

"पण एक फट आहे," वकीलबाई म्हणाल्या होत्या, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता. वकिलांना फट दिसली की त्यांचा चेहरा उजळतो, तसा लिफ्टवाल्यांचा पडतो. "दार उघडून नाही म्हणणं वेगळं, आणि दाराशी कोण आलंय हे बघायला न उठणं वेगळं. साहेबांनी तुमचं ऐकून, विचार करून नाही म्हटलं असेल तर तो नकार. त्याला वरचं कोर्ट हात लावू शकत नाही. पण त्यांनी ऐकलंच नसेल, नुसती सवयीने ओळ खरडली असेल, तर तो नकारच नाही. मग वरचं कोर्ट सांगू शकतं, परत बसा आणि नीट ऐका."

"म्हणजे साहेब वाईट असते तर—"

"तर आपली केस भक्कम."

"आणि चांगले निघाले म्हणून—"

"वाट लागली," वकीलबाई म्हणाल्या. एरवी त्या असं बोलत नसत.

म्हणून आज त्या जांभईच्या शोधात होत्या. ती मिळत नव्हती.

"ठीक आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "तुम्ही मला सांगितलंत, आता मला ते माहीत आहे. त्यामुळे 'साहेबांनी ऐकलं नाही' असं मी म्हणू शकत नाही. पण 'निकाल वाचून ऐकलंय असं दिसत नाही' असं म्हणू शकते. एका ओळीत काय दिसणार? ते अक्षरशः खरं आहे. मी कागदावर बोलेन. तुम्ही मागे बसा आणि मूग गिळून गप्प बसा. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. वरच्या कोर्टात अशिलाला कुणी विचारत नाही."

वरच्या कोर्टाची खोली उंच होती आणि तिच्यात कुणी खोकलं तर दोनदा ऐकू यायचं. मागच्या बाकावर लिफ्टवाला बसला. थोड्या वेळाने बहीण आली. समोरचा बाक रिकामा होता, पण ती त्याच्याच शेजारी येऊन बसली, लहानपणापासूनची सवय. ड्यूटीवरून थेट आली होती. अंगाला हॉस्पिटलचा वास होता.

"त्याला कुठे ठेवलंस?"

"शेजारच्या काकूंकडे."

"गार आहे आज. मफलर दिलास?"

"दिला."

"गळ्यात बांधलास की नुसता दिलास?"

"बांधला. त्याने सोडून काकूंच्या मांजराला बांधला."

बहिणीच्या ओठाचं एक टोक हललं. मग समोर शिपाई मोठ्याने ओरडला आणि सगळे उठून उभे राहिले. तीन न्यायमूर्ती आत आले.

बहिणीचे वकील ज्येष्ठ होते. इतके ज्येष्ठ, की ते उभे राहायला लागले की न्यायमूर्तीच म्हणत, "बसूनच बोला, साहेब." त्यांनी बसून सांगितलं, की नकारावर अपील नाही हा नियम सगळ्या वकिलांना पाठ आहे, समोरच्या विद्वान भगिनींनाही असेल. हे पाणी एकदा सोडलं तर बांध राहणार नाही. आणि एवढं बोलून त्यांनी खिशातली खोकल्याची गोळी तोंडात टाकली, म्हणजे आपलं बोलणं संपलं.

वकीलबाई चांगल्या बोलल्या. त्यातलं निम्मं लिफ्टवाल्याच्या डोक्यावरून गेलं, पण सूर कळला. त्या म्हणाल्या, एका माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य कुठे जाणार हा प्रश्न होता आणि त्याला उत्तर दोन शब्दांचं आलं. त्या दोन शब्दांच्या मागे विचार होता की नुसता शिक्का होता, हे या कोर्टाने बघायचं नाही तर कुणी? ज्याने दारच उघडलं नाही, त्याने नकार दिला असं कसं म्हणायचं?

मधले न्यायमूर्ती बराच वेळ ती एक ओळ बघत होते. इतक्या वेळात माणूस तिचं भाषांतर करू शकला असता.

"तिथली रीत आम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आमच्यातल्या एकाने तिथेच दिवस काढलेत. एका ओळीवरून ऐकलं असंही ठरत नाही आणि नाही ऐकलं असंही ठरत नाही. त्या वेळी खोलीत वकील कोण होते?"

"कुणी नव्हतं, महोदय. अर्जदार स्वतः हजर होते."

"ते आज आहेत?"

वकीलबाईंची पाठ ताठ झाली. मागून लिफ्टवाल्याला ती दिसली. मशीनमध्ये काहीतरी अडकलं की दोर असाच ताठ होतो.

"आहेत," त्या म्हणाल्या.

"असं सहसा आम्ही करत नाही," न्यायमूर्ती म्हणाले. "पण एका निवृत्त न्यायाधीशाने आपलं कर्तव्य केलं नाही असं आम्ही नुसतं गृहीत धरावं, त्यापेक्षा तिथे बसलेल्या माणसाला विचारलेलं बरं. शपथ नको. नुसतं सांगा. साहेबांनी तुमचं ऐकलं का?"

ज्येष्ठ वकिलांनी तोंडातली गोळी गालात सरकवली. हरकत घ्यावी की न घ्यावी याचा हिशेब त्यांना पटकन जमला नाही.

लिफ्टवाला उभा राहिला.

एक 'नाही' पुरे होतं. शपथ नव्हती. निवृत्त साहेब येऊन सांगणार नव्हते. कंडक्टरला कुणी विचारणार नव्हतं. वकीलबाई मागे वळून बघणार नव्हत्या. खोटं बोलायची इतकी उत्तम सोय त्याला जन्मात कुणी करून दिली नव्हती, आणि तीही इतक्या मोठ्या माणसांनी, इतक्या आदराने. तो 'नाही' म्हणाला तर कंडक्टर आज घरी झोपणार होता. उद्याही. बहुतेक पुढचं वर्षभर.

त्याने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"त्यांनी त्यांचा चहा माझ्या भावाला दिला," तो म्हणाला.

"काय दिला?" कडेचे न्यायमूर्ती पुढे वाकले.

"चहा. साहेबांसाठी एकच कप आला होता. भावाने कपाकडे बघितलं, मग साहेबांनी तो त्याच्यापुढे सरकवला. बशीत ओतून दिला, गरम होता म्हणून." आणि मग त्याला थांबता येईना. "त्यांना एका कानाने कमी ऐकू येत होतं. ते उठून माझ्या दुसऱ्या बाजूला आले. मी सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं. कुठेच मला इतकं बोलू दिलं नव्हतं हो. पहिल्या कोर्टात वकील बोलले. घरी तर बोलायला कुणी नाही, तो आहे, पण त्याला पुढे सरकायचं असतं. मी साहेबांना लिफ्टच्या टपाचंही सांगितलं. माझ्याच विरुद्ध जाणारं होतं, तरी सांगितलं, कारण ते ऐकत होते."

कडेच्या न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं.

"मग त्यांनी भावाला विचारलं, तुला कुठे राहायचंय. तो म्हणाला, दादाकडे. का रे? तर म्हणाला, दादा एकटा घाबरतो."

शेजारी बहिणीने मान खाली घातली.

"साहेबांनी कागद परत एकदा चाळले. मग मला विचारलं, तुमची बहीण खोटं बोलली का? मी म्हटलं, नाही. खालच्या कोर्टाने तुमचं ऐकायचं टाळलं का? नाही. कायद्याची काही चूक? मला काय माहीत, तुम्ही सांगा. ते म्हणाले, मी परवा रात्रीपासून शोधतोय, मला सापडत नाही. आणि म्हणाले, मला वाटतंय की तुमच्याकडे राहावा. पण मला वाटतंय एवढ्यावर हे दार उघडता येत नाही. आणि मग लिहिलं."

तो थांबला. आपण काय करून बसलो ते आत्ता कुठे त्याच्या लक्षात येत होतं. पण ती खुर्ची ओढल्याचा आवाज अजून त्याच्या कानात होता. त्या माणसाने ऐकलं नाही असं म्हटलं असतं, तर मग आपलं जगात कुणीच कधी ऐकलं नाही असं झालं असतं. तेवढं एक होतं, ते त्याला सोडवेना.

"म्हणजे ऐकलं," मधले न्यायमूर्ती म्हणाले.

"हो. नीट ऐकलं."

तिघांनी डोकी जवळ घेतली. फार वेळ लागला नाही. मधले न्यायमूर्ती बोलले तेव्हा ते वकिलांकडे नाही, मागच्या बाकाकडे बघत होते.

"मग तो नकार आहे," ते म्हणाले. "पुरता नकार. तो बरोबर की चूक हे आम्ही विचारायचं नाही. आमच्यातल्या एखाद्याने कदाचित परवानगी दिली असती. पण ते आम्हाला विचारलेलंच नाही, आणि विचारता येत नाही. आमचा हात इथवर पोचत नाही. अपील ऐकायचा आम्हाला अधिकार नाही."

लिफ्टवाला अजून उभाच होता. बसायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग कुणाचा पोचतो?" त्याने विचारलं.

शिपाई पुढे झाला. न्यायमूर्तींनी त्याला हाताने थांबवलं. माणूस उद्धटपणा करत नव्हता, खरंच विचारत होता, हे त्यांना दिसत होतं.

"कुठल्याच कोर्टाचा नाही आता," ते म्हणाले, आणि पुढ्यातला पहिला निकाल उलगडून त्यांनी एकदा वाचला. "तुमच्या बहिणीला पालक नेमलंय. भावाने कुठे राहायचं ते त्या ठरवतात. त्यांनी काय ठरवावं, हे कुणीच लिहिलेलं नाही." मग ते किंचित घुटमळले. "ते आम्ही सांगायची गोष्ट नाही. पण त्या तुमच्या शेजारीच बसल्यात."

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाईंनी कोट काढून हातावर घेतला.

"मी तुम्हाला फार बोलणार होते," त्या म्हणाल्या.

"बोला ना."

"आठवत नाही, एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"ते सुचलं नाही."

"मलाही आत्ता सुचलं," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या दुसरीकडे बघायला लागल्या आणि बघता बघता जिना उतरून निघून गेल्या.

व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बहीण बसली होती. तो शेजारी बसला. येणारीजाणारी माणसं त्यांच्या पायांना अडखळत होती, म्हणून दोघांनी एकदमच पाय आत घेतले.

"तू थाप मारशील असं वाटलं होतं मला," ती म्हणाली.

"मलाही."

"मारली असतीस तर मी गप्प बसले असते."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

"चहाचं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "बशीत ओतून दिला?"

"बशीत."

"फुंकर मारून?"

"फुंकर त्याने स्वतः मारली. साहेबांच्या कागदांवर थेंब उडाले."

लिफ्टवाल्याच्या मनात न्यायमूर्तींचं बोलणं घोळत होतं. तीन कोर्टं झाली. अर्ज केले, हमीपत्र दिलं, ताप आलेला वकील केला, ताप न आलेली वकीलबाई केली, आणि शेजारी बसलेल्या बहिणीला त्याने एकदाही विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी भांडला होता. नंतर कोर्टात भेटत राहिला. भांडणं म्हणजे विचारणं असं त्याला इतके दिवस वाटत होतं.

त्याने घसा खाकरला. "अर्जदाराचं म्हणणं असं आहे की—"

"दादा. नीट बोल."

"त्याला माझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "मी लिफ्टच्या शाफ्टमधलं काम सोडतो. कंपनीचं गोदाम आहे, तिथे सुटे भाग द्यायचं काम आहे, ते मागतो. त्याला कुठल्याही साइटवर नेणार नाही. किल्ल्या घरात आणणार नाही. तू म्हणशील ते. मी हे कोर्टात लिहून दिलं होतं, पण तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतोय."

बहिणीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि त्याच्याकडे वळून बसली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ती अशी समोरून बसली होती.

"गोदामात तो दिवसभर काय करेल?"

"माझ्याजवळ बसेल."

"तू आजारी पडलास तर?"

"काकू आहेत."

"काकूंचं वय काय? आणि त्या इमारतीत लिफ्ट आहे ना, घरच्या? तिचं दार त्याला उघडता येतं?"

लिफ्टवाल्याने पाय आणखी आत घेतले.

"किल्लीशिवाय?"

"येतं," तो म्हणाला. आज त्याला खरं बोलायची जणू सवयच लागली होती. "मी करताना त्याने बघितलंय. साध्या तारेनेही येतं."

बहिणीने डोळे मिटले. झोपली नव्हती.

"आमच्याकडे स्ट्रेचर आत येतं ना," ती हळू आवाजात म्हणाली, "त्यावर चादर असते. बाकीच्या आधी चेहरा बघतात. मी पाय बघते. त्याच्या चपला आहेत का ते. पहिल्यांदा चपला बघते, मग मला पुढचं काम करता येतं. प्रत्येक वेळी. त्या दिवसापासून प्रत्येक स्ट्रेचरला. कधी कधी चप्पल एकच असते, मग ती त्याची नाही ना हे बघायला वेळ लागतो, आणि डॉक्टर ओरडतात."

समोरून कुणीतरी फायलींचा गठ्ठा घेऊन गेलं. लिफ्टवाल्याला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण ती बोलत होती, म्हणून तो ऐकत राहिला.

"तो तिथे सुखात राहील असं मी म्हणत नाही. तू कुठे आहेस विचारेल, रडेल. मला शिव्या देईल. पण मला माहीत असेल तो कुठे आहे. जमिनीवर आहे. मला थोड्या रात्री झोपायचंय, दादा." ती थांबली. विचार करत होती, आणि तो खराखुरा विचार होता. तोंडावर दिसत होता, कपाळावर एक शीर उठली होती. "तुझं म्हणणं मी ऐकलं. गोदामाचं खरं मानते. तू करशील. पण नाही."

लिफ्टवाल्याने मान हलवली. आजवरचे सगळे नकार त्याने उभ्याने घेतले होते. हा पहिला बसून घेतला, आणि तो सगळ्यात जड होता. तरी त्याला राग येईना.

"परत विचारू का?" थोड्या वेळाने तो म्हणाला.

"काय?"

"हेच. पुढे कधीतरी."

तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी ती लहानपणी त्याने अगदीच बावळट काही विचारलं की बघायची.

"विचार की."

"कधी?"

"कधीही विचार. दर महिन्याला विचार. मी काय कोर्ट आहे?"

तिला रडू फुटलं. तो नुसता शेजारी बसून राहिला, कारण रुमाल त्याच्याकडे होता, पण तो ग्रीसचा होता. तिने तो ओढून घेतला आणि तसेच डोळे पुसले. गालावर काळा ओरखडा उठला.

"त्याला कोण सांगणार?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"मी. निर्णय माझा आहे."

"मी पण येतो."

"तो तुझ्यावर चिडेल."

"चिडू दे," तो म्हणाला आणि तिची पिशवी उचलली. "चल. तोवर काकूंचं मांजर गुदमरायचं."